ज्वारी कुठून आली?

शिक्षक मित्रहो,

आफ्रिका शिकवायची म्हटली की आपण नकाशा उलगडतो, सहारा दाखवतो, नाईल दाखवतो, आणि तासाची घंटा होते. मी गेली काही वर्षं वेगळी सुरुवात करतो. वर्गात मूठभर ज्वारी घेऊन जातो. पुढच्या बाकावरच्या मुलांच्या तळहातावर चार-चार दाणे ठेवतो आणि विचारतो, "हे धान्य मूळचं कुठलं?" उत्तर ठरलेलं असतं. कुणी सोलापूर म्हणतं, कुणी मंगळवेढा. मग सांगतो, की ज्वारी माणसानं शेतात पेरल्याचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानात मिळालाय, सुमारे ५००० वर्षांपूर्वीचा. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, सहाराच्या दक्षिण कडेची. नाचणी इथिओपिया-युगांडाकडच्या डोंगराळ भागातली. चवळी तिकडची, आणि ज्या चिंचेवाचून आपली आमटी होत नाही ती चिंचसुद्धा. मुलं हातातले दाणे पुन्हा निरखून बघतात. माझ्या दृष्टीनं आफ्रिकेचा पहिला धडा तिथेच झालेला असतो. ज्या शेतकऱ्यांनी रानटी गवतातून पिढ्यान्‌पिढ्या दाणा निवडून हे पीक घडवलं, त्यांना आपण 'मागासलेले' म्हणत आलो. त्यांचंच धान्य आपण रोज भाकरी करून खातो.

मग फळ्यावर काही शब्द लिहितो. दुका, हेसाबू, साबुनी, हेवा, बिमा, चपाती. हे स्वाहिली शब्द आहेत, टांझानिया-केनियात रोजच्या वापरातले. दुकान, हिशोब, साबण, हवा, विमा... मुलं भराभर ओळखतात. यातले बरेचसे शब्द अरबी-फारसीतून दोन्हीकडे गेले, काही थेट हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी नेले. पण गेले कसे? वाऱ्यानं. आपल्याकडे जूनमध्ये पाऊस आणणारा वारा हिवाळ्यात उलटा वाहतो. त्या वाऱ्यावर शिडाची गलबतं आपल्या किनाऱ्यावरून पूर्व आफ्रिकेला लागत आणि वारा फिरला की परतत. आज टांझानियात असलेलं किल्वा बेट याच व्यापारावर श्रीमंत झालं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ मध्ये तिथे गेला होता आणि ते शहर त्याला फार सुंदर वाटलं होतं. तिथल्या मोठ्या मशिदीच्या प्रवाळ-दगडी कमानी आजही उभ्या आहेत. मान्सून आपण भूगोलाच्या तासाला शिकवतो. तो इतिहासाच्या तासालाही आणावा, असं मला मनापासून वाटतं.

याच समुद्रानं माणसंही आणली, आणि ती सगळी स्वखुशीनं आली नाहीत. मलिक अंबर इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मला, लहानपणी विकला गेला, बगदादमार्गे अहमदनगरला पोचला. पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. त्यानं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे नंतरचं औरंगाबाद, आणि त्या शहराला भुयारी नहरीनं पाणी दिलं. भातवडीची १६२४ ची लढाई त्यानं जिंकली, तेव्हा शहाजीराजे त्याच्याच बाजूनं लढत होते. त्याला आपण 'हबशी' म्हणतो. हबश म्हणजे अबिसिनिया, आजच्या इथिओपियाकडचा मुलूख. एका मुलखाचं नाव आपण काळ्या कातडीच्या प्रत्येकाला चिकटवून टाकलं. म्हणून माझ्या वर्गात एक नियम आहे. 'आफ्रिकेतले लोक असं करतात' असं कुणी म्हणालं, की बाकीच्यांनी विचारायचं, "कुठले?" ५४ देश, २००० च्या आसपास भाषा, भारताच्या नऊपट भूमी. त्या प्रश्नानंतर नुसतं 'आफ्रिकेतले' म्हणून भागत नाही.

गुलामांचा व्यापार शिकवायचाच. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंडली गेली, हा आकडा मुलांना कळलाच पाहिजे. पण आफ्रिकेची ओळख तिथून सुरू केली, तर मुलाच्या मनात साखळदंडातला माणूस कायमचा बसतो. आधी त्यानं बांधलेलं घर दाखवा.

त्यासाठी मी ग्रेट झिम्बाब्वे निवडतो, आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या दगडी शहराचे अवशेष. त्या पठारावरच्या ग्रॅनाइटच्या चिपा एकावर एक रचून, चुना न वापरता उभारलेली भिंत. घेर सुमारे २५० मीटर, उंची काही ठिकाणी ११ मीटर. ती तिथल्याच शोना लोकांच्या पूर्वजांनी बांधली, ११ व्या ते १५ व्या शतकांच्या दरम्यान. इथलं सोनं किल्व्याच्या व्यापाऱ्यांपर्यंत जाई, आणि चिनी भांडी, काचेचे मणी इथवर येत. १८७१ मध्ये कार्ल माउख हा जर्मन प्रवासी तिथे पोचला. एका दारावरच्या लाकडाची ढलपी काढून त्यानं हुंगली. वास त्याच्या पेन्सिलीसारखा आला. पेन्सिल सीडरची, म्हणजे हे लाकूड लेबनॉनचं, म्हणजे हा वाडा बायबलमधल्या शेबाच्या राणीचा! इथे मी मुलांना आपापली पेन्सिल हुंगायला सांगतो. एवढ्याशा वासावर एका समाजाचा इतिहास दुसऱ्याच्या नावावर चढला.

१९०५ मध्ये आणि पुन्हा १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी स्पष्ट सांगितलं, की हे काम इथल्याच लोकांचं आहे. तरीही ऱ्होडेशियाच्या (हे या देशाचं तेव्हाचं नाव) गोऱ्या राजवटीत १९७० च्या दशकापर्यंत हे सरळ लिहू नये म्हणून मार्गदर्शिकांवर दबाव येत राहिला. गोष्ट भिंतीची, पण भीती जमिनीच्या मालकीची होती. भिंत कुणाची हे मान्य केलं, तर जमीन कुणाची हा प्रश्न दाराशी येऊन उभा राहतो.

त्या अवशेषांत मऊ दगडात कोरलेले पक्षी सापडले. तासाच्या सुरुवातीलाच मी त्यातला एक फळ्याच्या कोपऱ्यात काढून ठेवतो, काही न सांगता. १९८० मध्ये देश स्वतंत्र झाला, त्यानं दगडी घरांचं जुनं नाव घेतलं, झिम्बाब्वे. मग मी त्या देशाचा ध्वज उलगडतो. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडतंच, "सर, फळ्यावरचा पक्षी!"