आधी शाळा, मग मैदान

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात सरकारी माध्यमिक शिक्षण म्हणजे पणजीचं लिसेव. 1854 साली सुरू झालेलं, पोर्तुगीज भाषेतलं. पेडणे, सत्तरी, काणकोण तालुक्यांतल्या कुळाच्या पोराचा तिथं कसा शिरकाव होणार? त्याची मराठी शाळा भरायची गावच्या देवळात, सभामंडपात. सणवार, उत्सव आला की शाळेला सुट्टी, कारण मंडप देवाला हवा.

मग लोकांनीच पदर खोचला. पणजीत 1908 साली मुष्टिफंड ही शिक्षणसंस्था उभी राहिली ती घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून. 1910 मध्ये पोर्तुगालात राजेशाही गेली, प्रजासत्ताक आलं आणि इथल्या हिंदूंना थोडी मोकळीक मिळाली. पुढच्याच वर्षी फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सोबत्यांनी गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन केलं. या संस्थेचं आल्मेदा हायस्कूल आजही भरतं. ज्यांनी उपाशी राहून या शाळा चालवल्या, त्यांची नावं भिंतीवरच्या फलकावर फारशी सापडत नाहीत, याचं वाईट वाटतं.

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. 1963 च्या डिसेंबरात भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगाव शाळा निघाल्या. 1975 मध्ये गोव्याला स्वतःचं शालान्त मंडळ मिळालं.

वर्ग झाले, पण मैदानाचं काय?

मैदान बहुधा शेतातच. भात कापून झालं की शेत मोकळं व्हायचं, मेरेवर, म्हणजे बांधावर, चपला काढायच्या आणि फुटबॉल सुरू. गोव्यात हा खेळ 1883 मध्ये शिवोलीत फादर लायन्स यांनी आणला, असं सांगतात. कापलेल्या भाताचे खुंट तळव्याला टोचतात, म्हणून पोरं चेंडू पायाशी फार वेळ ठेवतच नाहीत. पहिला पाऊस पडला, नांगर आला की खेळ बंद.

खो-खोला मात्र फार जागा लागत नाही. ही सत्तरीतल्या एका सरकारी हायस्कुलाची सकाळ बघा. तांबडी जांभ्याची माती, तिच्यावर पीटी सरांनी आखलेल्या फक्कीच्या रेषा. मधल्या पाटीवर आठ मुली एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून उकिडव्या बसल्यात. नववी मुलगी पाठलाग करत धावतेय. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. म्हणून ती खो देते, पाठीला हात आणि तोंडानं आवाज, दोन्ही एकदम. उठणारीचा पाय क्षणभर आधी सुटला तर फाऊल. सर हेच पुन्हा पुन्हा करून घेतात. धावणं नंतर, आधी उठणं.

या मुलींपैकी पुष्कळजणी पहाटेची बस धरून येतात. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या शाळा मी पाहिल्यात. त्या तासासाठीच येणाऱ्या मुलींचा विचार तिथं कुणी करत नाही.

2023 मध्ये 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या. यजमानांनी 27 सुवर्णांसह 92 पदकं मिळवली. फातोर्डा, म्हापसा, बांबोळीची क्रीडांगणं त्यासाठी सजली. सत्तरीतल्या खेडेगावातून फातोर्ड्याला जाऊन यायचं तर शाळेचा दिवस बुडतो. रोजचा सराव याच तांबड्या मातीत करावा लागतो, आणि पावसाळ्यात व्हरांड्यात.