पुस्तक एक, खेळाडू सहा

मित्रमैत्रिणींनो, रोल-प्लेइंग खेळ म्हणजे प्रत्येकाने एक कॅरेक्टर, म्हणजे पात्र, घेऊन फाशांच्या साथीने गोष्ट खेळायची. अशा खेळासाठी टेबलाभोवती सहा जण बसलेत आणि नियमांचं पुस्तक एकच आहे. घरी खेळत असू तर यात अडचण कसलीच नाही. ज्याचं पुस्तक त्याच्याकडे जमायचं, बाकीच्यांनी फासे आणि खाऊ आणायचा, आणि पुस्तक रात्रभर या हातातून त्या हातात फिरवायचं. आमच्या ग्रुपच्या पुस्तकात लढाईच्या प्रकरणाची पानं इतकी हाताळली गेलीत की ते टेबलावर ठेवलं की आपोआप तिथेच उघडतं.

हा खेळ मुळात असाच पसरला. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला, तेव्हा एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. किंमत १० डॉलर, आणि पहिल्या छपाईच्या प्रती फक्त १,०००. खेळायला माणसं पुष्कळ, पुस्तिका मोजक्या. मग अमेरिकेतल्या कॉलेजांमधून त्यांच्या झेरॉक्स हातोहात फिरल्या. झेरॉक्सची तरफदारी मी करणार नाही. पण वाटून घेण्याची सवय या खेळाला जन्मापासूनची आहे, हे विसरून पुढचं बोलता येणार नाही.

संघटित खेळात मात्र चित्र बदलतं. २००८ साली सुरू झालेली 'पाथफाइंडर सोसायटी' घ्या, म्हणजे 'पाथफाइंडर' या अशाच दुसऱ्या खेळाचं संघटित रूप. तिथे तुमचं कॅरेक्टर तुमच्याबरोबर गावोगाव फिरतं. आज सिएटलच्या एखाद्या दुकानात खेळाल, ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला जेन कॉन या खेळांच्या मोठ्या संमेलनात. डाव संपला की जीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सही करून क्रॉनिकल शीट, म्हणजे कॅरेक्टरने त्या डावात काय मिळवलं याची नोंद, देतो. पुढच्या टेबलावरचा जीएम तुम्हाला ओळखत नसतो, त्याच्यासाठी तोच कागद तुमचा पुरावा. आता तुमच्या कॅरेक्टरकडे एखाद्या जादा पुस्तकातली शक्ती असेल, तर त्या जीएमने ती कुठे वाचायची? २०१० च्या 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेयर्स गाइड'मध्येच अल्केमिस्ट, विच असे सहा नवे वर्ग, म्हणजे कॅरेक्टरचे प्रकार, आले, आणि त्यानंतर पुस्तकांमागून पुस्तकं येत राहिली. जीएम स्वयंसेवक असतो. त्याने सगळी घ्यावीत ही अपेक्षा बरी नव्हे. म्हणून पहिल्या आवृत्तीच्या काळात नियम असा होता: मूळ पुस्तकापलीकडचं काही वापरायचं असेल तर ते पुस्तक तुमच्या मालकीचं हवं आणि टेबलावर हवं. छापील प्रत आणा, किंवा पानोपानी खरेदीदाराचं नाव उमटलेली पीडीएफ.

यातलं पहिलं कारण, जीएमला नियम वाचता यावा हे, मला शंभर टक्के पटतं. दुसरंही पटतं: पुस्तकं खपली तरच नवी साहसं लिहिली जातात, आणि लिहिणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा.

पण समजा, दोन मैत्रिणी शेजारी-शेजारी बसल्यात. पुस्तक एकीचं, विच खेळायची आहे दुसरीला. पान उघडं आहे, जीएमला वाचता येतंय. एका घरात राहणाऱ्यांना एक प्रत मिळून वापरायची मुभा होती. या दोघींची घरं वेगळी, म्हणून नाही. इथे वाचायची अडचण उरलेली नाही, उरला आहे तो फक्त विक्रीचा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की टेबलावर प्रत्यक्ष असलेली छापील प्रत त्या टेबलावरच्या सगळ्यांना चालायला हवी. एक प्रत एका वेळी एकाच टेबलावर असू शकते, ही मर्यादा कागदच घालून देतो. पीडीएफला तशी मर्यादा नाही, एका फॉरवर्डमध्ये ती शंभर जणांकडे जाते. तिच्यासाठी ही सवलत मी मागणार नाही. आपल्याकडे दिवाळी अंक शेजाऱ्यापाजाऱ्यांत फिरतो, पण कुणी तो छापून वाटत नाही. फरक तोच आहे.

पैशाचंही बोलू या. 'पाथफाइंडर'चं २००९ चं मूळ पुस्तक ५७६ पानांचं, किंमत ४९.९९ डॉलर. आजच्या दराने आपल्याकडे चार हजारांच्या वर. कॉलेजच्या पोराला पहिल्याच दिवशी हे घे म्हटलं तर तो दुसऱ्या दिवशी येणारच नाही. त्याच पुस्तकाची पीडीएफ ९.९९ डॉलरला होती, हा प्रकाशकाचा शहाणपणा मला फार आवडला. शिवाय नियमांचा मजकूर २००० सालच्या ओपन गेम लायसन्सखाली खुला होता, वेबवर फुकट वाचता येत होता. म्हणजे वाचायला मोफत, पण सोसायटीच्या टेबलावर वापरायला विकत. नव्या माणसाला ही गोष्ट आधी समजावून सांगा, तो कॅरेक्टर तयार करून आल्यावर नाही.

मी खेळ चालवतो तेव्हा मूळ पुस्तकाच्या दोन प्रती नेतो. एक माझ्यासमोर, दुसरी टेबलाच्या मधोमध, कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेली. परवा झटापटीचा, ग्रॅपलचा प्रसंग आला. ते नियम जुन्या खेळाडूंनाही घाम फोडतात. मी माझ्या प्रतीत पान शोधत होतो, तोवर पहिल्यांदाच खेळायला आलेल्या अकरा वर्षांच्या मुलीने मधली प्रत स्वतःकडे ओढली, पान काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे फिरवून म्हणाली, "काका, हे बघा, इथे आहे."