आकडा दिसला की लगेच सरासरी काढू नका

नमस्कार मंडळी. आज बोलू आकड्यांच्या चार प्रकारांबद्दल, कुठल्या आकड्याचं काय करता येतं ते. ठाण्यात बोलतोय तर सुरुवात गाड्यांच्या नंबरप्लेटपासून करू. एमएच ०४ म्हणजे ठाणे, एमएच ४३ म्हणजे नवी मुंबई. आता ४३ मधून ४ वजा केले तर ३९ येतात, पण ते ३९ कसले? कसलेच नाहीत, कारण ते आकडे नुसती नावं आहेत, तिथे अ आणि ब लिहिलं असतं तरी चाललं असतं. पिनकोडचंही तसंच, पण एक्सेलला ते कुठे माहीत असतं, वाशीचा ४००७०३ आणि नेरुळचा ४००७०६ दिला की ते गुपचूप सरासरी काढून देतं. याला नॉमिनल म्हणतात, इथे फक्त मोजदाद करायची, कुठल्या भागातले किती जण.

खरी गडबड होते ती पुढच्या प्रकारात. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा नर्स रोज विचारायची, आजी, शून्य ते दहात किती दुखतंय? आई पहिल्या दिवशी म्हणाली आठ, दुसऱ्या दिवशी सहा, मग चार. आठाचे चार झाले म्हणजे दुखणं निम्मं झालं का हो? तसं नाही म्हणता येत. कमी झालं एवढंच खरं. आठ ते सहा आणि सहा ते चार, हे दोन्ही उतार सारखेच होते हेसुद्धा सांगता येत नाही, आणि शेजारच्या बेडवरच्या काकूंचे सहा नि आईचे सहा एकच होते हे तर अजिबात नाही. हा ऑर्डिनल. क्रम आहे, पण पायऱ्यांची उंची माहीत नाही, म्हणून इथे मध्यक घ्यावा, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा, सरासरी जपून.

आणि हा वाद जुना आहे बरं का. माणसाला जे जाणवतं ते मोजता येतं का यावर ब्रिटनमध्ये १९३२ साली नेमलेली एक समिती सात वर्षं चर्चा करत होती आणि एकमत काही झालं नाही. मग १९४६ मध्ये हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ एस. एस. स्टीव्हन्स यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून मोजण्याच्या चार पातळ्या मांडल्या, त्याच आपण आजही शिकवतो. नॉमिनल आणि ऑर्डिनल या त्यातल्याच दोन. सगळ्यांना त्या पटतात असं नाही, मला मात्र त्या फार उपयोगी वाटतात.

उरलेल्या दोन पातळ्यांत फरक आहे तो शून्याचा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली ती १८५३ साली, शालिवाहन शकात तेच साल १७७५. घटना एक, आकडे दोन, कारण शून्य कुठे धरायचा ते आपण ठरवलं. दोन सालांमधलं अंतर मात्र दोन्हीकडे सारखंच येतं. हा इंटरव्हल. सेल्सिअसही तसंच, ३० अंश म्हणजे १५ च्या दुप्पट गरम नव्हे, ज्याचा शून्य खरा शून्य असतो त्या केल्व्हिन मापात बघा, ३०३ आणि २८८, जेमतेम पाच टक्के फरक. आणि ती गाडी जे साधारण ३४ किलोमीटर धावली, तिथे शून्य म्हणजे खरंच शून्य, गाडी हललीच नाही. हा रेशो, इथे दुप्पट-तिप्पट बिनधास्त म्हणा.

आईने चौथ्या दिवशी वॉकर धरून दहा पावलं टाकली, पाचव्या दिवशी वीस. नर्सने फाइलमध्ये दुखण्याच्या आकड्याशेजारी तीही लिहिली, आणि मी भावाला फोन करून सांगितलं, आज आई दुप्पट चालली.