केंद्राला एकच बाई

जाड कागद पाटीत अडकवला, की लिहिणं सुरू होतं उजवीकडून. ब्रेलमधला ‘क’ म्हणजे पहिला आणि तिसरा ठिपका. वाचताना हे ठिपके सहा ठिपक्यांच्या घराच्या डाव्या कडेला लागतात, लिहिताना मात्र उजव्या कडेला टोचायचे. कागद उलटला की ते वर येतात आणि बोटं डावीकडून उजवीकडे फिरू लागतात. चौथीतल्या या अंध मुलीला प्रत्येक अक्षर असं दोन्ही बाजूंनी पाठ हवं.

(टोचण्याचा आवाज. निवेदन नाही.)

शेजारी बसून ठिपके तपासणाऱ्या बाई विशेष शिक्षिका आहेत, पण या शाळेच्या नाहीत; केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या आहेत. उद्या दुसऱ्या गावी श्रवणयंत्राचे सेल बदलतील, परवा तिसऱ्या गावी एका मुलाला पेन्सिल धरायला शिकवतील. स्कूटीच्या डिकीत पाटी, ठोकळे, उठावाचे नकाशे. वर्गशिक्षक जीव लावून शिकवतात, पण त्यांना ब्रेल येत नाही.

2016च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 केले. 6 ते 18 वयाच्या ज्या मुलांचं दिव्यांगत्व किमान 40 टक्के आहे, त्यांना गावच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिला. ऑक्टोबर 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणही सांगितलं: प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, पुढच्या वर्गांना 15 मागे एक. पुरेसे शिक्षक मिळेपर्यंत एकाने अनेक शाळा सांभाळाव्यात, ही तात्पुरती सोय होती.

2024मध्ये महाराष्ट्राने विशेष शिक्षकांची 4860 पदं निर्माण केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यातून स्थैर्य मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण पदं केंद्राला एक या हिशेबाने आली. तात्पुरती सोय कायमची झाली. विशेष शिक्षक शाळेच्या संचमान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर होणाऱ्या शिक्षकसंख्येत, धरला जात नाही, तोवर हा हक्क बाईंच्या फिरतीच्या वेळापत्रकावरच चालणार.

(फळ्यावर गणित. वर्ग एका सुरात उत्तर देतो.)

दहावीच्या परीक्षेत या मुलीला लेखनिक मिळेल, तासाला 20 मिनिटं जादा मिळतील. पण फळ्यावरची आकृती तिच्या बोटांपर्यंत पोचवणारं माणूस तोवर रोज वर्गात हवं, आणि बाई पुन्हा येणार पुढच्या आठवड्यात.