चीज आधी, फळ शेवटी

श्रोतेहो, नमस्कार.

संध्याकाळी सातला पाहुणे यायचे आहेत आणि घड्याळात सहा वाजलेत. जेवणाची तयारी होत आली आहे, पण आल्याआल्या समोर ठेवायला काही नाही. तळणीला हात घालण्याइतका वेळ नाही आणि नुसतं पाकीट फोडून बशीत ओतायचं मनाला पटत नाही. अशा वेळी फळं आणि चीज ही जोडी मला कायम हात देते. बहुतेक प्रकारांना गॅस पेटवावा लागत नाही, भांडी फारशी निघत नाहीत, आणि बशी पुढे आली की बघणाऱ्याला जाणवतं, कुणीतरी मन लावून हे मांडलंय. आज आपण सहा ते सात या एका तासाबद्दलच बोलणार आहोत. पेन शोधत बसू नका. आकडे थोडेच आहेत, ऐकता ऐकता लक्षात राहतील.

आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी चांगलं मुरलेलं चेडर आणलं होतं. दारावरची बेल वाजायच्या पाच मिनिटं आधी ते फ्रिजमधून काढलं, चौकोनी तुकडे केले आणि द्राक्षांबरोबर मांडलं. सगळ्यांनी एकेक तुकडा उचलला, खाल्ला आणि गप्पांना लागले. बशीकडे पुन्हा कुणी वळलं नाही. तासा-दीड तासानं आवराआवर करताना एका मैत्रिणीनं उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, “अगं, हे चीज आधी का नाही ठेवलंस?” चीज तेच होतं. मधल्या वेळात त्याचा गारठा गेला होता, एवढंच.

यामागचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. चीजमध्ये दुधाची चरबी असते. फ्रिजच्या चार-पाच अंशांत ती बरीचशी घट्ट असते आणि उब लागेल तशी हळूहळू मऊ होत तोंडात विरघळते. चवीतला मोठा भाग खरं तर वासाचा असतो, आणि थंडगार चीजमधून तो वास सुटतच नाही. म्हणून गार चेडर मेणासारखं लागतं आणि तेच चेडर खोलीच्या उबेला आलं की त्यातली मुरलेली, किंचित गोडसर चव समजते. बराच काळ मुरवलेल्या चीजमध्ये कधी कधी दाताखाली बारीक कण कचकचतात. ते मिठाचे नाहीत. प्रथिनं आणि क्षार मुरताना तयार झालेले ते स्फटिक आहेत. पाहुण्यांनी विचारलं तर आनंदानं सांगा, ती चांगल्या मुरलेल्या चीजची खूण आहे.

म्हणून सहा वाजता पहिलं काम हे. चीज बाहेर काढा आणि गार आहे तोवरच कापून घ्या. गार चीज सुरीला चिकटत नाही, काप सरळ येतात. बकरीच्या दुधाच्या मऊ चीजची गुंडाळी असेल तर सुरी बाजूला ठेवा. स्वच्छ दोरा ताणून धरा आणि त्यानं चकत्या पाडा, जराही चुरा होत नाही. कापलेले तुकडे उघडे ठेवू नका, कडा वाळून पिवळ्या पडतात. वर एक वाडगा पालथा घाला, पुरे. चेडरसारख्या घट्ट चीजला पाऊण ते एक तास द्या, ब्रीसारख्या मऊ चीजला अर्धा-पाऊण तास. क्रीम चीज, फेटा, ताजं मोझरेला यांत पाणी जास्त असतं, ती पंधरा-वीस मिनिटं आधी काढली तरी चालतात. आणि बाहेर ठेवायचं म्हणजे तासन्‌तास नव्हे. एकूण दोन तासांच्या आत संपवा किंवा परत आत ठेवा. उकाडा 32 अंशांच्या वर असेल तर एका तासातच.

फळाचं सगळं उलटं असतं. चीज थांबलं की सुधारतं, कापलेलं फळ थांबलं की उतरतं. सफरचंद कापलं की पेशी फुटतात, त्यांतल्या एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि फोड तपकिरी होते. लिंबाचा रस चोळून हे थांबवता येतं, पण चेडरबरोबर द्यायच्या सफरचंदाला मला लिंबू नको वाटतं. त्याची आंबट चव पुढे येते आणि चीज मागे पडतं. मी मिठाचं पाणी वापरते. कपभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, फोडी दहा मिनिटं बुडवायच्या, मग साध्या पाण्यानं धुऊन कोरड्या पुसायच्या. जिभेवर जो मिठाचा पुसट स्पर्श राहतो तो चीजशी जुळतोच. वर ताजी कुटलेली मिरी. सफरचंदाची पातळ फोड, चेडरचा पातळ काप आणि मिरी, यात आणखी काही घालावंसं मला कधी वाटलेलं नाही.

गोड फळ आणि खारट चीज एकमेकांना इतकी का शोभतात? मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे फळाची गोडी आणखी उठून दिसते. फळातली आंबट चव चीजचा तुपकटपणा कापते, आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा ताजा लागतो. हे एकदा ध्यानात आलं की जोड्या आपल्या आपणच सुचतात. चीज जितकं खारट आणि तिखट वासाचं, तितकं फळ गोड घ्यायचं.

सगळ्यांत जास्त जीव माझा नाशपातीवर आहे. इटलीत एक जुनी म्हण आहे, ‘चीज नाशपातीबरोबर किती छान लागतं हे शेतकऱ्याला कळू देऊ नका.’ म्हणजे कळलं तर तो विकायला आणणारच नाही! पण नाशपाती पहिल्याच दिवशी जमत नाही. ती झाडावर नीट पिकत नाही. कडक असतानाच तोडतात, आणि पिकते ती आतून बाहेर. बाहेरून सगळीकडे मऊ लागेपर्यंत वाट पाहिली तर आतला गर कधीचा लिबलिबीत झालेला असतो. म्हणून देठाजवळ अंगठ्यानं हलकेच दाबून बघा. तिथे किंचित दबली की ती तयार. पाहुणे शनिवारी येणार असतील तर नाशपाती बुधवारीच घरात यायला हवी. कडक वाटली तर कागदी पिशवीत एका पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं ती लवकर पिकते. मग साल न काढता उभे पातळ काप, त्यावर निळ्या बुरशीच्या चीजचा बोराएवढा तुकडा आणि अर्धा अक्रोड. निळ्या चीजमधलं गोर्गोन्झोला सौम्य असतं, सुरुवात त्यानं करावी. मेंढीच्या दुधाचं रॉकफोर चांगलंच तेज असतं, तिथे मधाचा एक थेंब लागतो, एकच. निळं चीज सगळ्यांना रुचत नाही. चार कापांवर ब्री ठेवा, म्हणजे कुणाला नुसतं बघत बसावं लागणार नाही.

अंजीर पिकलेलं मिळालं तर वरून अधिकाचं चिन्ह कापून खालून दाबायचं, ते फुलासारखं उघडतं. मध्ये चमचाभर बकरीचं चीज. झालं.

कलिंगड आणि फेटा ही जोडी बहुतेकांना माहीत आहे, पण बशीत पाणी सुटतं म्हणून लोक कंटाळतात. कलिंगडाचे चौकोनी तुकडे पुसण्याच्या कागदावर पाच मिनिटं निथळू द्या आणि त्यावर मीठ अजिबात घालू नका. मीठ फळातलं पाणी बाहेर ओढतं, आणि फेटा मिठाच्या पाण्यात ठेवलेलं असल्यानं खारटच असतं. तुकडा कलिंगडाचा, त्यावर पुदिन्याचं पान, त्यावर फेटा, आणि वरून टूथपिक. फेटाचं पाकीट उलटून जरूर बघा. खरं ग्रीक फेटा मेंढीच्या दुधाचं असतं, त्यात बकरीचं दूध जास्तीत जास्त 30 टक्के चालतं. युरोपमध्ये 2002 पासून हे नाव ग्रीसमधल्या फेटापुरतंच राखून ठेवलंय, पण इतरत्र गाईच्या दुधाचं चीजही याच नावानं मिळतं. ते सौम्य असतं. वाईट नव्हे, पण कलिंगडाच्या गोडीपुढे फिकं पडतं.

आता अननस. यावर जरा थांबते, कारण इथे पुष्कळांची फसगत होते. ताजा अननस आणि क्रीम चीज एकत्र करून ठेवलं की थोड्या वेळानं ते पातळ होतं आणि कडू लागतं. चीज खराब निघालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते दुधातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुटलेल्या तुकड्यांची चव कडू असते. किवी आणि पपईतही अशीच विकरं आहेत. उपाय उष्णतेचा. अननसाच्या फोडी गरम तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट खरपूस, आतपर्यंत गरम होतील अशा भाजल्या की विकर निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे तो त्रास देत नाही.

तवा तापलेलाच आहे तर त्यावर हलुमी भाजा. हे सायप्रसचं चीज तव्यावर वितळत नाही, कारण ते बनवतानाच गरम निवळीत शिजवलेलं असतं. बोटभर जाडीचे काप, तेलाचा हात, दोन्ही बाजू सोनेरी. हलुमी, अननस, हलुमी असं काडीला ओवा. मात्र सहा वाजता चीज काढायचा नियम इथे चालत नाही. हलुमी गार झालं की रबरासारखं चिवट होतं. पाहुणे बसल्यावरच भाजा आणि गरम गरम फिरवा.

सगळंच शेवटच्या क्षणी करणं शक्य नसेल तर खजूर मदतीला आहे. बी काढून आत क्रीम चीज किंवा निळं चीज भरायचं, वर बदामाचा काप खोचायचा. हे सकाळी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं आणि चव तसूभरही उतरत नाही. मुलं येणार असतील तर द्राक्षांना क्रीम चीजचा पातळ थर देऊन अक्रोडाच्या चुऱ्यात घोळवा. द्राक्षं आधी खडखडीत कोरडी करा, नाहीतर चीज निसटतं. पाच वर्षांखालच्या मुलांना मात्र हे देऊ नका. त्यांच्यासाठी साध्या द्राक्षाचे उभे चार भाग करा. अख्खं द्राक्ष किंवा सुकामेव्याचा तुकडा लहानग्याच्या घशात अडकू शकतो.

पाहुण्यांना आधी एक फोन केलात तर फार बरं. कुणाला अक्रोड-बदामाची ॲलर्जी आहे का, विचारा. तसं असेल तर सुकामेवा त्या संध्याकाळपुरता वगळाच. कुणी गरोदर असेल तर ब्री, तिच्यासारखंच मऊ कॅमेम्बर आणि मऊ निळं चीज न शिजवता देऊ नका, त्यांत लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो. चेडर चालतं. आणि शाकाहारी पाहुण्यांसाठी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा. दूध विरजायला पुष्कळ ठिकाणी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. इटलीच्या अस्सल पार्मिजानो रेज्जानोला तर ते लागतंच. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असेल तर पाकिटावर बहुधा लिहिलेलं असतं. आपल्या घरी विश्वासानं खाणाऱ्याला नकळत असं काही दिलं जाऊ नये, याबाबत मी फार काटेकोर आहे.

किती लागेल? पुढे जेवण असेल तर माणशी 30 ते 40 ग्रॅम चीज पुरतं. आठ जणांना साधारण 300 ग्रॅम. तीन जोड्या करा, सात नकोत. तीन असल्या की प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक चव येते आणि बशीही मोकळी दिसते. मांडताना घासांमध्ये बोटभर जागा सोडा, म्हणजे एक उचलताना दुसरा लवंडणार नाही. निळं चीज वेगळ्या बशीत ठेवा, त्याचा वास शेजाऱ्याला लागतो. वापरलेल्या टूथपिक ठेवायला एक रिकामी वाटी हवी, ही मी नेहमी विसरते, म्हणून आवर्जून सांगते.

तर सहाला चीज काढलं आणि कापलं. साडेसहाच्या सुमारास खजूर बशीत आले, कलिंगड निथळायला ठेवलं. सहा चाळीसला सफरचंद मिठाच्या पाण्यात गेलं. सात वाजता बेल वाजेल, पाहुणे चपला काढतील, पाणी पितील. नाशपाती तेव्हा कापायला घ्या. नमस्कार.