आधी डग्लस, मग हक

अमेरिकेतल्या शाळांना उन्हाळ्याची सुटी साधारण दहा आठवड्यांची. अकरावीला बहुतेक ठिकाणी इंग्रजीत अमेरिकन साहित्य असतं आणि सुटीतल्या वाचनाची यादी जूनमध्येच हातात पडते. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक उघडायचं, चाळीस पानांत अडकायचं आणि नेटवरच्या सारांशावर वेळ मारून न्यायची. याचं खापर मुलांच्या आळसावर फोडणं सोपं आहे. बऱ्याचदा चुकतो तो पुस्तकं वाचायचा क्रम.

'द स्कार्लेट लेटर'चंच घ्या. कादंबरी २४ प्रकरणांची, पण तिच्याआधी कस्टम-हाउसवरचं, म्हणजे जकात कचेरीवरचं, लांबलचक प्रास्ताविक आहे, आणि निम्मी मुलं तिथेच गारद होतात. ते खुशाल सोडा, कथा संपल्यावर वाचा. लेखकाचा काही अपमान होत नाही.

आज मात्र तीन पुस्तकांबद्दल बोलतो: गुलामगिरीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसचं १८४५चं आत्मकथन, मार्क ट्वेनची कादंबरी 'हकलबरी फिन' आणि फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी'. तिन्ही 'मी'नं सांगितलेली. तिन्ही प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गॅट्सबीचे अमेरिकेतले हक्क १ जानेवारी २०२१ला खुले झाले.

जूनअखेरीस डग्लस. शंभर-सव्वाशे पानं, ११ प्रकरणं. सुरुवातीची दुसऱ्यांनी लिहिलेली प्रस्तावना आणि पत्र नंतर वाचलं तरी चालतं. सातव्या प्रकरणावर मात्र थांबा. गुलामाला वाचायला शिकवणं वर्ज्य, म्हणून हा मुलगा निरोपाच्या कामाला निघताना खिशात पाव ठेवतो आणि रस्त्यातल्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून शिकतो. लिहिणं कुठे शिकला? बाल्टिमोरच्या जहाजांच्या कारखान्यात. तासलेलं लाकूड जहाजाच्या डाव्या बाजूचं असेल तर सुतार त्यावर 'एल' लिहीत, उजव्या बाजूचं असेल तर 'एस'. ती अक्षरं त्यानं गिरवली आणि मग भेटेल त्या पोराला म्हणायचा, मला तुझ्याइतकंच लिहिता येतं. पोरगा ईर्ष्येनं आणखी अक्षरं लिहून दाखवायचा; झाला धडा!

हे वाचून झालं की जुलैत हक. कादंबरी १८८४-८५ची, पण तिच्यातला काळ त्याच्या चाळीस-पन्नास वर्षं आधीचा, म्हणजे डग्लसचाच. हे डोक्यात नसेल तर पुस्तक नदीवरची पोरकट भटकंती वाटतं. शेजारी मिसिसिपीचा नकाशा ठेवा. घरातून पळालेला हक आणि मिस वॉटसनकडून पळालेला तिचा गुलाम जिम तराफ्यावरून निघालेत. जिमला पकडून देणाऱ्याला ३०० डॉलर आहेत. ओहायो नदी मिसिसिपीला मिळते तिथल्या कैरो गावाला पोचून ओहायोनं वर मुक्त राज्यांत जायचा बेत आहे. धुक्यात कैरो मागे पडतं आणि तराफा दक्षिणेकडे, गुलामगिरीच्या आणखी आत, वाहत जातो. नकाशावर बोट ठेवल्याशिवाय यातली भीती कळत नाही.

भाषा अडते ती जिमच्या बोलीत. डोळ्यांनी वाचू नका, मोठ्यानं वाचा. 'ग्वाइन' म्हणजे 'गोइंग', हे कान लगेच ओळखतो. लिब्रिव्हॉक्सवर फुकट ध्वनिमुद्रणंही आहेत. या पुस्तकात काळ्या माणसांसाठीची ती शिवी दोनशेहून जास्त वेळा येते. ती तोंडानं उच्चारायची नाही, पण ती तिथे का आहे हे घरात बोलायचं, हे आधीच ठरवा.

एकतिसावं प्रकरण दोनदा वाचा. जिम कुठे आहे ते कळवणारं पत्र हक मिस वॉटसनला लिहितो आणि पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला हलकं वाटतं. मग आठवतं, आपली झोप मोडू नये म्हणून जिम आपली पहाऱ्याची पाळीही जागून काढायचा. तो पत्र फाडतो आणि आता नरकात जायचं असंच धरून चालतो. आपण चांगलं करतोय, हे सांगणाऱ्यालाच माहीत नाही. वर्गातल्या निबंधाला एवढं एक प्रकरण पुरतं. शेवटची दहाएक प्रकरणं, हकचा मित्र टॉम सॉयर येतो ती, रेंगाळतात. कादंबरीकार हेमिंग्वेनं तर जिम हिरावला जातो तिथेच थांबायला सांगितलं होतं; पुढचं सगळं त्याच्या मते फसवणूक. भरभर वाचा, पण टाळू नका.

टिपणं थोडकीच: प्रत्येक प्रकरणाला दोन ओळी, काय घडलं आणि कोणतं वाक्य खटकलं. पान क्रमांकाऐवजी प्रकरणाचा क्रमांक लिहा, कारण शाळेतली प्रत वेगळी निघते.

ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात गॅट्सबी. नऊ प्रकरणं, नऊ दिवस. स्वतः गॅट्सबी तिसऱ्या प्रकरणापर्यंत नीट भेटतच नाही, तेव्हा कंटाळू नका; तोवर सांगणाऱ्या निककडे बघा. दहाव्या दिवशी पहिलं प्रकरण पुन्हा उघडा. आपण कुणाबद्दल चटकन मत बनवत नाही, असं निक सुरुवातीलाच सांगतो. मग पेन्सिल घ्या आणि त्याच प्रकरणात तो नात्यातल्या डेझीच्या नवऱ्याबद्दल, टॉम ब्युकॅननबद्दल, किती मतं देऊन मोकळा होतो, ते मोजा.