विदाऊट

नमस्कार मंडळी. जुन्या दोस्तांवर बोला म्हणून मला सांगितलंय, आणि खरं सांगू का, विषय ऐकला तेव्हाच पोटात जरा कालवलं, कारण माझा जो दोस्त होता, म्हणजे आहे, आहेच, तो रेडिओ ऐकणारा माणूस आहे. म्हणून त्याचं नाव काही घेत नाही.

आम्ही दोघं अमळनेरचे. डिप्लोमाला जळगावला अप-डाऊन करायचो. सुरत-भुसावळ लाईनवर ज्यांनी अप-डाऊन केलंय त्यांना वेगळं सांगायला नको, सकाळची पॅसेंजर, दारात उभं राहायचं, धरणगावला गर्दी चढली की आत सरकायचं, आणि पाळधी गेलं की डबा बंद, कारण आता जळगाव आलंच. डबा त्याचा. त्याची आई कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची, पण जळगावपर्यंत ती भाकरी कधी पोचलीच नाही. एकदा माझा पास घरी राहिला आणि नेमका त्याच दिवशी टीसी. ह्या गड्याने स्वतःचा पास दाखवला आणि माझ्याकडे बोट करून म्हणतो, साहेब, हा विदाऊट आहे! दंडाला पैसे मग त्यानेच काढले, वहीत घडी करून ठेवलेले, पण नाव पडलं ते पडलं. रोजचे अप-डाऊनवाले काकासुद्धा मला विदाऊटच म्हणायला लागले.

अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात जेफ्री हॉल म्हणून एक प्राध्यापक आहेत, २०१८ साली त्यांचा अभ्यास आला होता, की जिगरी दोस्त व्हायला साधारण २०० तासांच्या वर एकत्र घालवावे लागतात. मी लगेच हिशोब केला. रोजचे दोन तास, वर्षाचे २०० दिवस धरा, तीन वर्षं, झाले १२०० तास. म्हणजे सहा जिगरींचा कोटा आम्ही दोघांनीच संपवला! गाडी लेट व्हायची ते तर धरलंच नाही.

आणि तेच खरं होतं बघा. लोक म्हणतात मोठं झालं की वेळ मिळत नाही, मला हे काही पटत नाही, रील बघायला मिळतो की. मिळत नाही तो गाडी लेट असतानाचा वेळ, ज्यात दोघांनाही काही काम नसतं आणि उठून जाताही येत नाही.

पुढे मी पुण्याला नोकरीला, तो वावरात. भांडणबिंडण काही नाही. त्याचा फोन यायचा, आमच्या अहिराणीत, "काय भो, कसा शे?" आणि मी ऑफिसात असायचो, आजूबाजूला लोक, तर मी म्हणायचो, हो, मी ठीक आहे, तू कसा आहेस? एकदा तो गप्पच झाला, मग म्हणाला, "तू ते पुनाना मानूस व्हई गया भो." हसून म्हणाला, पण त्यानंतर फोन कमी झाले. थंडीत ग्रुपवर भरीत पार्टीचे फोटो यायचे, कपाशीच्या वाळल्या पराट्यांच्या जाळावर काळी पडलेली वांगी, धुराने डोळे चोळणारा तो, आणि मी अंगठा टाकायचो. वांग्यांना अंगठा! त्याच्या आईच्या दहाव्यालाही माझा मेसेजच गेला. त्याचं मला अजून लागतं.

आता आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आलो तेव्हा धीर करून फोन लावला. पोराने उचलला. बाबा वावरात गेलेत म्हणे, कोण बोलतंय सांगू?

माझं पूर्ण नाव, आडनाव, सगळं ओठावर आलं होतं.

म्हटलं, सांग, विदाऊटचा फोन होता.

विदाऊट काय, काका?

नुसतं विदाऊट.